अकरावीच्या मुलांना सिक्युरिटी प्लसला बसवताय? या चुका टाळा

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आता डेटा सेंटर उभी आहेत. ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांच्या घरात काका, मावशी, शेजारी, कोणी ना कोणी आयटीत असतंच. त्यामुळे दहावी झाली की सिक्युरिटी प्लसची, म्हणजे आयटीची प्रमाणपत्रं देणाऱ्या कॉम्पटिया या संस्थेच्या सायबरसुरक्षेच्या परीक्षेची, चौकशी सुरू होते. मुलांनी ही परीक्षा द्यावी असं मला मनापासून वाटतं. मात्र ती नोकरदारांसाठी बेतलेली आहे. नेटवर्क प्लस हे कॉम्पटियाचंच नेटवर्कचं प्रमाणपत्र आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव असावा, अशी कॉम्पटियाची शिफारस आहे, सक्ती नाही. सोळा वर्षांच्या मुलाकडे हा अनुभव कुठून येणार? ती उणीव पाठांतराने भरून काढायला गेलं की बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

अपेक्षित प्रश्नसंचाची सवय

बोर्डाच्या परीक्षेत व्याख्या आली की गुण मिळतात. इथे प्रश्न असा येतो: कंपनीच्या एका कॉम्प्युटरवर रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) आढळलं, सर्वांत आधी काय कराल? पर्याय असतात बॅकअप परत चढवणं, अँटिव्हायरस स्कॅन, कॉम्प्युटर नेटवर्कपासून तोडणं आणि वरिष्ठांना अहवाल देणं. चारही कामं कधी ना कधी करायचीच आहेत. हुशार मुलं बॅकअपवर टिक करतात, कारण ‘रॅन्समवेअरवर उपाय बॅकअप’ हे त्यांनी घोकलेलं असतं. पण संसर्ग पसरत असताना आधी तो कॉम्प्युटर वेगळा काढायचा असतो.

यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसतो. सराव परीक्षा झाली की प्रत्येक चुकीच्या पर्यायाबद्दल मुलाला विचारायचं, ‘हे उत्तर कोणत्या परिस्थितीत बरोबर ठरलं असतं?’ आणि त्याला मोठ्याने सांगायला लावायचं. दहा प्रश्नांना तास जातो, जाऊ द्या. प्रश्नातले ‘फर्स्ट’, ‘बेस्ट’, ‘मोस्ट लाइकली’ हे शब्द मग आपोआप डोळ्यांत भरू लागतात.

उदाहरणं जवळची घ्या. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमचा हल्ला झाला, तेव्हा न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं होतं. सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. पसरायला विंडोजमधल्या ज्या त्रुटीची मदत झाली, तिचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. सप्लाय चेन, पॅचिंग, नेटवर्कचे विभाग पाडणं, खंडणी मागणाऱ्या पण प्रत्यक्षात डेटा नष्ट करणाऱ्या प्रोग्रॅमचा फरक, हे सगळं या एका घटनेत शिकवून होतं.

कंटाळवाणा भाग सोडणं

मुलांना हल्ले आवडतात, पॉलिसी आणि ऑडिट नकोसं वाटतं. पण परीक्षेच्या ७०१ या आवृत्तीत सिक्युरिटी ऑपरेशन्सला (सुरक्षेच्या रोजच्या कामांना) २८ टक्के आणि धोरण-जोखीम-ऑडिटच्या भागाला २० टक्के भार आहे. जोखमीचं गणित तर हातचे गुण आहेत. तळमजल्यावरच्या सर्व्हर रूममध्ये पावसाचं पाणी शिरलं तर ४ लाखांचं नुकसान, आणि असं ५ वर्षांतून एकदा होतं. म्हणजे वर्षाचं अपेक्षित नुकसान ८० हजार. सर्व्हर वरच्या मजल्यावर हलवायला वर्षाला ३० हजार लागणार असतील तर हलवावा की नाही, हे अकरावीचं मूल लगेच सांगतं.

पुस्तक घेताना आवृत्ती पाहा. ६०१ ही आधीची आवृत्ती जुलै २०२४ अखेर बंद झाली, तरी तिची जुनी पुस्तकं हातोहात फिरतात.

लॅब चालत नाही, किंवा नको तिथे चालते

सरावासाठी कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये ६४-बिटचा पर्याय दिसत नसेल तर बहुतेक वेळा बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. मशीन फारच रेंगाळत असेल तर विंडोजची अशीच सोय, हायपर-व्ही, चालू आहे का ते तपासा. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर काली लिनक्स ही सुरक्षा-चाचणीची साधनं असलेली सिस्टिम चढवण्याचा हट्ट सोडा. ट्रायहॅकमीसारख्या साइटवर ब्राउझरमध्येच सराव होतो. मेटास्प्लॉइटेबलसारखं मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन मात्र ‘होस्ट-ओन्ली’, म्हणजे फक्त त्याच कॉम्प्युटरपुरत्या, नेटवर्कवरच ठेवा. ‘ब्रिज्ड’ ठेवलंत तर ते घरच्या वायफायवर उघडं पडतं.

आणि पहिल्याच तासाला स्पष्ट सांगा की सोसायटीचं वायफाय किंवा शाळेचं पोर्टल ही प्रयोगशाळा नव्हे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. मूल अल्पवयीन असलं तरी पोलीस चौकशी, वकील आणि घरच्यांची झोपमोड चुकत नाही.

टेलिग्रामवर मिळणारे ‘खरे प्रश्न’ म्हणजे डंप, परीक्षेतून चोरलेले प्रश्न. ते वापरल्याचं उघड झालं तर कॉम्पटिया प्रमाणपत्र रद्द करू शकते. सुरक्षेच्या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या मुलाने चोरीच्या कागदावर पास होणं मला मान्य नाही, आणि पालकांनीही ते चालवून घेऊ नये.

परीक्षेचा दिवस

९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. प्रात्यक्षिक स्वरूपाचे प्रश्न बहुधा सुरुवातीलाच येतात आणि मुलं पहिल्याच फायरवॉलच्या तक्त्यात वीस मिनिटं घालवतात. त्यांना खूण करून पुढे जायला शिकवा. पास व्हायला ७५० लागतात, पण मोजपट्टी १०० ते ९०० आहे, तेव्हा त्याची टक्केवारी काढत बसू नका.

नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर वेगळी मांडणी, खात्यात नुसतं नाव-आडनाव, असा गोंधळ आपल्याकडे नेहमीचा. कोणतं ओळखपत्र चालेल आणि १८ च्या आतल्यांसाठी पालकांची संमती कशी द्यायची, हे तारीख घेण्याआधी केंद्राकडून पक्कं करून घ्या. तारीखही बारावीच्या फेब्रुवारी-मार्चच्या धावपळीत नको. अकरावीनंतरची मे महिन्याची सुट्टी उत्तम.

नापास झालं तर दुसऱ्यांदा लगेच बसता येतं, तिसऱ्या वेळेपासून १४ दिवस थांबावं लागतं, पण फी दर वेळी नव्याने भरावी लागते. त्यामुळे आधी निकालपत्र समोर घ्या. कोणत्या मुद्द्यांवर उत्तरं चुकली त्याची यादी त्यात असते. पुढचा अभ्यास तेवढ्यावरच लावा.