डोंगरावरची जुनी दगडखाण कशी ओळखायची

धुळ्याजवळच्या लळिंगला किंवा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीकडं फिरायला गेलं की सगळे किल्ला, देऊळ बघतात, पण एवढा दगड काढला कुठून हे कोणी शोधत नाही. शोधायचं असेल तर पावसाळ्यानंतर गवत वाळलं की जा, आणि सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावरच, कारण तिरप्या उन्हात खाचा उठून दिसतात, भर दुपारी काळ्या बेसाल्टवर काही म्हणजे काही दिसत नाही.

आधी उभी कातळभिंत बघायची. एका ओळीत चौकोनी खाचा असतील तर तिथं पाचरी ठोकून दगड फोडलाय. खाचांची ओळ आहे पण दगड जागच्या जागी, म्हणजे काम अर्धवट सोडलं, असा दगड मिळाला तर नशीबच समजा! याउलट नळी उभी चिरल्यासारखी गोल खाच दिसली तर ती सुरुंगाची, म्हणजे बरीच नंतरची. एकाच खाणीत दोन्ही सापडू शकतं, त्यामुळं लगेच 'यादवकालीन' म्हणून स्टेटस टाकू नका भो.

मग पायाखाली बघा, कपच्यांचा ढीग कुठं आहे ते. दगड तिथंच घडवला असेल तर बारीक कपच्या खूप पडलेल्या असतात. ढिगात हात मात्र घालू नका, फुरसं (विषारी साप) असतं.

फोटोत शेजारी स्केलपट्टी ठेवा, लोकेशन सेव्ह करा. खाचा दिसाव्यात म्हणून खडू फासायचा नाही, काही उचलायचंही नाही. जंगलाचा भाग असेल तर वनखात्याला आधी विचारा.