नेट बंद, आणि दोष निघाला सेलचा

परवा घरचा जुना डेस्कटॉप चालू केला तर नेटच नाही, म्हणजे मोबाईलवर सगळं धडाधड चालतंय पण ह्याच्यावर कुठलीही साइट उघडा, 'कनेक्शन सुरक्षित नाही'. राउटर दोनदा बंद-चालू केला, लॅनची केबल काढून टक् आवाज येईपर्यंत परत बसवली, शून्य फरक. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग ८.८.८.८ मारलं, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला हाक मारून बघितली, तर चारही उत्तरं आली! म्हणजे लाइन ठणठणीत.

तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, तारीख बघा की." कोपऱ्यात १ जानेवारी २०१२. आता साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे साइट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याला, सुरू व्हायची आणि संपायची तारीख असते, २०१२ मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरच्या हिशोबाने आजचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, मग तो कशाला आत सोडतोय. तारीख दुरुस्त केली, नेट चालू.

दुसऱ्या दिवशी परत २०१२. कॉम्प्युटर बंद असताना त्याचं घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) नाण्याएवढा सीआर २०३२ सेल मेलेला, मल्टिमीटरवर ३ व्होल्टऐवजी जेमतेम दीड. प्लग काढून नवा बसवला, प्लसची बाजू वर. कस्टमर केअरवाल्याला मात्र मी आदल्याच दिवशी अर्धा तास झापलं होतं, बिचारा.