डेल्फी कसे पाहावे: पवित्र वाटेवरची जोती वाचण्याची रीत

ग्रीसमधल्या डेल्फीला, म्हणजे अपोलो देवाचा कौल मागायला लोक जात त्या प्राचीन देवस्थानाला, जाऊन आलेल्या अनेकांकडून मी ‘जागा फार सुंदर आहे, पण पाहण्यासारखे काही उरलेले नाही’ असे ऐकले आहे, आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटते. दोष जागेचा नसतो. अथेन्सहून सकाळी निघून संध्याकाळी परत आणणाऱ्या सहलीचा असतो, आणि ती सहलच घ्यावी असा सल्ला देणाऱ्यांचा असतो. माझी पहिली भेट अशाच एका सहलीतून झाली. साडेअकराला बसमधून उतरवले, आधी चाळीस मिनिटांत संग्रहालय दाखवले आणि मग भर उन्हात उतारावर सोडून दिले. संग्रहालयातले पुतळे मूळचे कुठे उभे होते ते मला ठाऊक नव्हते आणि उतारावरच्या चौथऱ्यांवर काय उभे होते तेही कळत नव्हते. त्यानंतर मी अनेकदा गेलो आहे, मोसम बदलून आणि मुक्काम वाढवून, आणि आता जे सांगतो आहे ते त्या अनुभवातून.

पहिली गोष्ट, डेल्फीत किमान एक रात्र राहावे, दोन राहिल्यास उत्तम. अथेन्सपासून अंतर साधारण १८० किलोमीटर असून केटेलची (ग्रीसमधली शहरांदरम्यानची बससेवा) बस सुमारे तीन तासांत पोहोचवते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. हिवाळ्यात हे स्थळ दुपारीच बंद होते, त्यामुळे वेळा निघण्याआधी पाहून घ्याव्यात. स्थळ आणि संग्रहालय यांचे तिकीट एकच असते.

आजचे गाव अवशेषांपासून थोडे पश्चिमेला आहे. जुने गाव, कास्त्री, थेट अपोलोच्या देवस्थानावरच वसलेले होते. १८९२ साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी मोठे उत्खनन सुरू केले, तेव्हा ते संपूर्ण गाव उचलून दुसरीकडे वसवावे लागले. गावातून निघाले की रस्त्याने दहा-पंधरा मिनिटांत आधी संग्रहालय लागते आणि त्यानंतर स्थळाचे प्रवेशद्वार. सकाळी दार उघडण्याच्या वेळी तिथे हजर राहावे आणि वाटेतल्या संग्रहालयाकडे वळू नये. ‘आधी संग्रहालय, मग स्थळ’ हा सल्ला अनेक ठिकाणी छापलेला आढळतो, आणि डेल्फीपुरता तो चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे. इथल्या प्रत्येक मूर्तीचा अर्थ ती उतारावर कुठे, किती उंचीवर आणि कोणाच्या शेजारी उभी होती यात आहे. ती जागा डोळ्यांनी पाहिलेली नसेल, तर संग्रहालयातला दगड हा नुसताच सुंदर दगड राहतो.

आता अवघड टप्पा. प्रवेशद्वारापासून अपोलोच्या देवळापर्यंत जी नागमोडी चढण जाते तिला पवित्र वाट म्हणतात. चालत गेलात तर ती दहा मिनिटांत संपते, आणि बहुतेक लोक ती तशीच संपवतात, कारण वर देवळाचे खांब दिसत असतात आणि पाय आपोआप तिकडे ओढले जातात. या वाटेला किमान दीड तास द्यावा. आपल्याकडे गडावर गेल्यावर जोती पाहूनच वाडा कुठे होता आणि सदर कुठे होती हे ओळखावे लागते. ती नजर ज्यांना आहे त्यांना डेल्फी लवकर कळेल. ज्यांना नाही त्यांनी नावे घातलेला एक साधा छापील नकाशा हातात ठेवावा. फोनच्या पडद्यावर जुने वैभव रंगवून दाखवणाऱ्या पुनर्रचना मी वापरून पाहिल्या आणि सोडून दिल्या, कारण त्यात नजर पडद्यावर खिळून राहते आणि समोरचा दगड पाहिलाच जात नाही.

दगडाशी उभे राहिल्यावर आधी त्याचा माथा पाहावा. चौथऱ्याच्या वरच्या पृष्ठावर पावलाच्या आकाराचे खळगे असतील, तर तिथे कांस्याचा पुतळा उभा होता आणि ते खळगे त्याचे पाय बसवण्यासाठी होते. दोन दगडांच्या सांध्यावर खाच असेल, तर तिथे दगड जखडणारी धातूची पट्टी होती. अनेक ठिकाणी धातूच्या लोभाने ती पुढे उपटून नेली गेली. त्यानंतर पुढची बाजू पाहावी आणि अक्षरे शोधावीत. ग्रीक वाचता येण्याची गरज नाही, पण लिपी आधी तासभर बसून शिकून घेतली, तर गावाचे किंवा माणसाचे नाव ओळखता येते, आणि त्या एका तासाने सारा दिवस बदलतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने कोरलेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. दात्याचे नाव दगडावर राहिले की दगड बोलतो.

पण दाते ओळखल्यावरही मला कित्येक दिवस मुख्य गोष्ट कळली नव्हती. मी प्रत्येक चौथरा सुटा पाहत होतो, आणि ही वाट म्हणजे तर शहरा-शहरांमधले उघड भांडण आहे. अथेन्सने इ.स.पू. ४९० च्या मॅरेथॉनच्या, पर्शियनांवरच्या विजयाचे पुतळे प्रवेशाजवळच उभारले. इ.स.पू. ४०५ मध्ये एगोस्पोटामीच्या आरमारी लढाईत स्पार्टाने अथेन्सचा पाडाव केला, आणि स्पार्टाच्या सेनापतींचे भव्य स्मारक त्याच भागात उभे राहिले. पुढे अर्काडियाच्या लोकांनी स्पार्टाच्या मुलखावर स्वारी केली आणि इ.स.पू. ३६९ च्या सुमारास आपले कांस्यपुतळे तिथेच मांडले. आर्गॉसने आपल्या राजांचे अर्धवर्तुळ त्याच वाटेवर बसवले. कौल मागायला आलेल्या प्रत्येक माणसाने वर चढताना हे सारे क्रमाने पाहावे हाच हेतू होता. म्हणून प्रत्येक जोत्यापाशी ‘हे काय आहे’ एवढ्यावर थांबू नये. ‘हे कोणाला दाखवण्यासाठी इथे ठेवले’ असे विचारावे. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस याने ही वाट चढताना काय काय पाहिले ते लिहून ठेवले आहे, आणि आज आपण जी नावे घेतो त्यातली पुष्कळशी त्याच्या वर्णनामुळेच जुळली आहेत.

पहिल्या वळणापूर्वी सिफ्नोसच्या कोषगृहाचे जोते लागते आणि वळणाशी अथेन्सचे कोषगृह. ही छोटी, देवळासारखी दिसणारी घरे दाने ठेवण्यासाठी बांधली गेली होती. अथेन्सचे कोषगृह पूर्ण उभे दिसते, कारण १९०३ ते १९०६ या काळात ते मूळ दगडांतून पुन्हा रचले गेले, आणि त्यामुळे सगळे छायाचित्रकार तिथेच गर्दी करतात. त्याच्या दक्षिणेच्या लांबट पायथ्यावर, मॅरेथॉनच्या लढाईतली लूट अपोलोला अर्पण, अशा अर्थाचा लेख आहे. छायाचित्र काढून झाले की तो अवश्य पाहावा. पण माझा आग्रह सिफ्नोसच्या जोत्यापाशी थांबण्याचा आहे. सिफ्नोस हे लहानसे बेट. तिथे सोन्या-चांदीच्या खाणी लागल्या आणि उत्पन्नाच्या दशांशातून इ.स.पू. ५२५ च्या सुमारास हे कोषगृह उभे राहिले. त्याच्या दर्शनी भागात खांबांच्या जागी स्त्रियांच्या मूर्ती होत्या. पुढे बेटाने दशांश पाठवणे थांबवले आणि खाणींत समुद्राचे पाणी शिरले, असे पॉसेनियस सांगतो. आज जागेवर फक्त पाया आहे. त्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजून मनात ठेवावी, कारण दुपारी संग्रहालयात त्याचीच शिल्पपट्टी समोर येणार आहे.

वळण घेऊन वर निघाले की देवळाचा चौथरा पेलणारी बहुकोनी दगडांची भिंत येते. सांधे वक्र, चुना नाही, आणि दगड एकमेकांत असे बसलेले की दोघांमध्ये फट सापडत नाही. या भिंतीसमोरून मी पहिल्यांदा पाच पावलांत पुढे गेलो होतो, आणि त्याची खंत मला अजून आहे. संपूर्ण भिंतीवर बारीक अक्षरांत शेकडो लेख कोरलेले आहेत आणि त्यातले बहुतेक गुलामांच्या मुक्ततेचे आहेत. गुलामाची अपोलोला विक्री झाली असे कागदोपत्री दाखवायचे, म्हणजे तो माणूस मोकळा होई आणि देव त्या व्यवहाराचा साक्षीदार राही. राजांच्या नावांनी भरलेल्या त्या डोंगरावर एरवी कोणी लक्षातही ठेवली नसती अशा स्त्री-पुरुषांची नावे इथे टिकली आहेत. ऊन समोरून पडले की अक्षरे पुसट होतात आणि तिरका प्रकाश असला की उठून दिसतात, म्हणून घाई न करता जागा बदलत पाहावे. भिंतीला हात लावू नये.

भिंतीखालीच नॅक्सोस बेटाने दिलेल्या स्फिंक्सच्या (स्त्रीचे मुख आणि सिंहाचे अंग असलेल्या पंखधारी मूर्तीच्या) खांबाची जागा आहे. खांबासह ती मूर्ती सुमारे साडेबारा मीटर उंच होती, तेव्हा इथे मान वर करून ती उंची एकदा नजरेने मोजावी. आणखी वर, इ.स.पू. ४७९ च्या प्लातेयाच्या, पर्शियनांवरच्या विजयानंतर ग्रीक शहरांनी मिळून उभारलेल्या सर्पस्तंभाची जागा लागते. मूळ स्तंभ सम्राट कॉन्स्टन्टाइनने आपल्या नव्या राजधानीत नेला आणि तो आजही इस्तंबूलच्या जुन्या शर्यतीच्या मैदानात उभा आहे. त्याच्यावर एकतीस शहरांची नावे आहेत. देवळासमोरची मोठी वेदी खिओस बेटाच्या लोकांनी दिलेली. तिच्यावरचा लेख सांगतो की खिओसच्या लोकांना कौल मागण्याचा मान इतरांआधी मिळेल. त्या हक्काला किती किंमत होती हे समजण्यासाठी लक्षात घ्यावे की पिथिया, म्हणजे अपोलोच्या वतीने बोलणारी पुजारीण, महिन्यातून एकच दिवस कौल देत असे आणि हिवाळ्याचे तीन महिने तेही बंद असे.

देवळात जाता येत नाही, बाहेरूनच पाहावे लागते. आधीचे देऊळ इ.स.पू. ५४८ मध्ये जळाले, त्यानंतरचे इ.स.पू. ३७३ च्या भूकंपात पडले, आणि आज दिसतो तो पाया त्याच शतकात पुन्हा बांधलेल्या देवळाचा आहे. खांब विसाव्या शतकात पुन्हा उभे केले गेले. इथे अनेक वाटाडे जमिनीच्या भेगेतून निघणाऱ्या धुराची गोष्ट खात्रीने सांगतात. उत्खननात देवळाच्या जमिनीखाली तशी भेग सापडली नाही. भूगर्भातल्या वायूंबद्दलचा वाद त्यानंतरही अभ्यासकांत चालू राहिला आहे. पिथियेबद्दल भरवशाचे काही ऐकायचे असेल, तर याच देवळात पुजारी असलेल्या प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कचे ऐकावे.

पुढचे सोपे आहे. पस्तीस ओळींच्या नाट्यगृहाच्या वरच्या टोकाला जाऊन खाली पाहावे, मग वरच्या क्रीडामैदानापर्यंत चढावे आणि उतरावे. दगड गुळगुळीत झालेला असतो, म्हणून उतरताना जपून.

दुपारच्या उन्हात संग्रहालय. आता सकाळची मापे कामी येतात. सिफ्नोसची शिल्पपट्टी पाहताना ते जोते आठवावे आणि स्फिंक्सपुढे ती उंची. अथेन्सच्या कोषगृहाच्या भिंतीवर कोरलेली अपोलोची स्तोत्रे इथे आहेत, आणि त्यांच्या शब्दांवर स्वरांच्या खुणाही आहेत. गाणे ऐकणाऱ्या मराठी माणसाने या दगडापाशी नक्की थांबावे. १८९६ साली सापडलेला कांस्याचा सारथी सर्वांत प्रसिद्ध आहे आणि त्या प्रसिद्धीला तो पात्र आहे. त्याच्या पापण्यांचे केस पाहण्यासाठी बाजूला जाऊन उभे राहावे, आणि मग पाय पाहावेत: ते रथाच्या मागे झाकले जाणार होते, तरी घडवणाऱ्याने त्यांच्यात कसर ठेवलेली नाही.

ऊन कलले की रस्त्याने पूर्वेकडे अथेना प्रोनायाच्या देवस्थानाकडे चालत जावे. सहलीच्या बसगाड्यांना तिथे थांबायला सहसा वेळ नसतो. वाटेत दोन कड्यांच्या बेचक्यात कास्टालियाचा झरा लागतो. दगड कोसळण्याचा धोका असल्याने कुंपण असेल, तर ते ओलांडू नये. हा धोका खरा आहे. १९०५ साली वरून कोसळलेल्या शिळांनी अथेनाच्या जुन्या देवळाचे तोवर उभे राहिलेले बहुतेक खांब पाडले. याच देवस्थानातल्या गोल इमारतीच्या बाहेरच्या वीस खांबांपैकी तीन १९३८ मध्ये पुन्हा उभे केले गेले, आणि संध्याकाळच्या उजेडात ते पाहणे हा डेल्फीतला माझा सर्वांत आवडता अर्धा तास आहे.

दुसरा दिवस असेल, तर होसिओस लुकासचा मठ निवडावा. अकराव्या शतकातली सोनेरी कुट्टिमचित्रे (मोझेक) तिथे मूळ जागी आहेत. गावातून टॅक्सी ठरवावी आणि थांबण्याचा वेळ आधीच बोलून घ्यावा. खांदे व गुडघे झाकलेले असावेत. वाटेवरच्या दिस्तोमो गावात १० जून १९४४ रोजी जर्मन सैनिकांनी २१८ गावकऱ्यांची हत्या केली. तिथल्या स्मारकापाशी थोडा वेळ थांबावे. शेजारच्या अराखोवा गावाला बसने जाता येते आणि तिथले फोर्माएला चीज चाखून परत येता येते. शाकाहारी मंडळींनी खाणावळीत ‘निस्तीसिमा’ पदार्थ विचारावेत. हे ग्रीक उपवासाचे पदार्थ असल्याने त्यात मांस, दूध, अंडी नसतात, मात्र कोळंबी-कालवे चालतात, तेव्हा तेवढे विचारून घ्यावे.

चालण्याची सवय असेल, तर परतीच्या दिवशी गावातून खाली ख्रिसो आणि पुढे जैतुनाच्या बनातून समुद्राकडे जाणारी वाट धरावी. खाली किर्रा हे प्राचीन बंदर होते, आणि समुद्रमार्गे येणारे भाविक तिथे उतरून वर चढत. शेजारच्या इतेआतून बस मिळते, पण अथेन्सचे परतीचे तिकीट आल्या दिवशीच काढून ठेवावे, विशेषतः रविवारी परतायचे असेल तर.