ऑस्टिनची वाक्यं पाठ करण्याआधी

एम. ए. इंग्रजीला नुकतीच आलेली मुलं, त्यातही मराठी माध्यमातून आलेली, मला एक गोष्ट हमखास विचारतात: इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनची कोणती वाक्यं पाठ करू? मीही तिथूनच सुरुवात केली होती. शाळेत रोज फळ्यावर सुविचार लिहून वाढलेले आपण. कादंबरी हातात आली की आधी सुविचार शोधतो. माझी दोनशे पानी वही होती. लग्न, पैसा, मैत्री, वाचन, असे कप्पे पाडून भरलेली.

पहिल्या सेमिनारला मी वाचनाच्या कप्प्यातलं वाक्य घेतलं: वाचनासारखा आनंद नाही. मॅडमनी विचारलं, ‘हे कोण म्हणतं?’ मी म्हणाले, ‘ऑस्टिन.’ त्यांनी ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीचं अकरावं प्रकरण उघडून मला मोठ्यानं वाचायला लावलं.

संध्याकाळची वेळ आहे, कादंबरीचा नायक डार्सी पुस्तक वाचत बसलाय. त्याच्यावर छाप पाडू पाहणाऱ्या मिस बिंगलीनं त्याच पुस्तकाचा दुसरा खंड उचललाय, कारण पहिला त्याच्या हातात आहे. कंटाळून ती मोठी जांभई देते आणि मग हे वाक्य म्हणते. कुणीच काही बोलत नाही. ती पुन्हा जांभई देते आणि पुस्तक बाजूला फेकते. वाक्य तेच, पण जांभईसकट वाचलं की त्याचा अर्थच फिरतो. हेच वाक्य 2017 साली बँक ऑफ इंग्लंडनं दहा पौंडांच्या नोटेवर ऑस्टिनच्या चित्राबरोबर छापलं.

त्या दिवसापासून वहीत प्रत्येक वाक्यापुढे मी तीन गोष्टी लिहू लागले: कोण बोललं, कुणासमोर, आणि पुढच्या ओळीत काय घडलं. तुम्हीही एवढंच करा, बाकी टीकाग्रंथ नंतर. ‘लग्नातलं सुख हा निव्वळ नशिबाचा भाग’ हे नायिकेची मैत्रीण शार्लट लूकस सहाव्या प्रकरणात म्हणते. नुसतं उतरवलं तर ते चटकदार वाक्य. पण ती सत्तावीस वर्षांची आहे, हाताशी पैसा नाही, आणि बाविसाव्या प्रकरणात ती कॉलिन्स या बढाईखोर, मूर्ख पाद्र्याला लग्नाचा होकार देते. तिथपर्यंत पोचून मी सहाव्या प्रकरणाकडे परत गेले, तेव्हा ते वाक्य मला हसून वाचवेना.

1813 साली आलेल्या या कादंबरीचं पहिलं वाक्य तर सगळ्यांना पाठच असतं: धनवान अविवाहित पुरुषाला बायको हवी असणारच, हे जगन्मान्य सत्य. इथे आपल्याकडे एक शब्द आहे जो मला फार उपयोगी पडला: स्थळ. गावात नवा माणूस आला की त्याचं मन कुणी विचारत नाही, उत्पन्न विचारतात. नव्यानं आलेल्या बिंगलीचे, म्हणजे मिस बिंगलीच्या भावाचे, वर्षाला चार-पाच हजार पौंड नायिकेच्या आईला, मिसेस बेनेटला, त्याला बघायच्या आधीच माहीत असतात. घरात पाच मुली, आणि बापाच्या मागे इस्टेट जाणार त्याच कॉलिन्सकडे, कारण तो त्यांचा नातेवाईक. म्हणजे गरज नेमकी कुणाला आहे? वाक्य सांगतं पुरुषाला; दुसरंच वाक्य सांगतं की आजूबाजूची घरं त्याला आपल्या कुठल्या तरी मुलीची हक्काची मालमत्ता समजतात. ऑस्टिनचा विनोद या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे. म्हणून उत्तरपत्रिकेत पहिलं वाक्य एकटं लिहू नका, दुसऱ्यासकट लिहा.

आणखी एक काळजी घ्या. मोबाईलवर फिरणारी बरीच वाक्यं तिची नाहीतच. ‘आपण काय बोलतो-विचार करतो यावरून नाही, काय करतो यावरून आपण ठरतो’ हे मी एका निबंधात ऑस्टिनच्या नावावर लिहून गुण घालवले. ते ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’वरच्या 2008 च्या बीबीसी मालिकेतलं आहे, 1811 च्या कादंबरीत नाही. तिच्या सगळ्या कादंबऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. वाक्यातले दोन-तीन शब्द टाकून शोधा, मिनिटाभरात कळतं. वाक्य सापडलं की त्याच्या वरची दोन पानं वाचा, आणि मगच वहीत उतरवा.