पहिली ते चौथीच्या वर्गात भावना कशा शिकवायच्या: सोलापुरातल्या नव्या शिक्षकांसाठी

डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करून नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षकाच्या वाट्याला ‘आनंददायी शनिवार’ बहुतेक वेळा येतोच. पहिली ते आठवीसाठी २०२४ साली सुरू झालेल्या या उपक्रमात ताणतणाव, श्वसन, खेळ असं बरंच काही बसतं. पण नवा माणूस तो मूल्यशिक्षणाच्या तासासारखा घेतो. रागावू नये, रडू नये, भांडू नये, मग एक बोधकथा. मुलं एका सुरात “हो सर” म्हणतात आणि मधल्या सुट्टीत एकमेकांच्या उरावर बसतात. वर्गाला एकच फरक पुन्हा पुन्हा कळायला हवा: राग येण्यात चूक नाही, मारण्यात आहे. भावनेला पूर्ण परवानगी, वागण्याला मर्यादा. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

सुरुवात शब्दांपासून करा. शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी मुलं मराठी माध्यमात बसतात, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे दख्खनी. अशा मुलाला ‘अस्वस्थ’, ‘नाराज’ हे शब्द पाठ्यपुस्तकातले वाटतात. ते “पोट दुखतंय” एवढंच सांगतं, आणि खरंच दुखतही असतं. पहिली-दुसरीला चारच चेहरे पुरतात: आनंद, राग, भीती, दुःख. तिसरी-चौथीला लाज, हेवा, कंटाळा, काळजी वाढवा. आठाच्या वर जाऊ नका. प्रत्येक चेहऱ्याखाली मराठी शब्द आणि मुलांकडूनच विचारून घेतलेला घरचा शब्द लिहा. रागासाठी कोपम, सिट्टू, गुस्सा सगळे चालतात.

चेहऱ्यांचा हा तक्ता दाराजवळ, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावतात आणि हजेरीच्या वेळी प्रत्येक जण आपल्या नावाचा चिमटा एका चेहऱ्याला अडकवतो. तीन मिनिटांचं काम. ते फसण्याच्या दोन जागा ठरलेल्या आहेत. एक, ‘आनंद’वर चिमटा लावणाऱ्याला तुम्ही “शाब्बास” म्हणता, आठवड्याभरात सगळे चिमटे तिथेच दिसतात. दोन, ‘दुःख’वर लावणाऱ्याला सगळ्यांसमोर “का रे, काय झालं?” विचारता, मग बाकीचे त्याला रडका म्हणतात आणि ते मूल पुन्हा कधी खरं सांगत नाही. म्हणून चिमट्यांवर बोलायचंच नाही. फक्त बघायचं, आणि सलग तीन-चार दिवस एकाच जागी चिमटा दिसला तर खिचडीच्या वेळी त्या मुलाजवळ सहज जाऊन बसायचं. वर्ग चिडवणारा असेल तर नावांऐवजी वहीच्या शेवटच्या पानावर चेहरा काढायला सांगा.

श्वासाचा सराव सोपा वाटतो, म्हणून त्यातच जास्त चुका होतात. हात पोटावर, तीन आकड्यांत श्वास आत, चार-पाच आकड्यांत बाहेर, असं चार-पाच वेळा. श्वास रोखून धरायला लावू नका. लहान मुलं गाल फुगवून स्पर्धा लावतात आणि एखाद्याला गरगरतं. डोळे मिटण्याची सक्ती नको. घरी मारहाण पाहिलेल्या मुलाला डोळे मिटणं धोक्याचं वाटू शकतं, त्याला जमिनीवरच्या एका ठिपक्याकडे बघू दे. सर्दी-दम्याच्या मुलाने एका हाताच्या पंजाच्या कडेवरून दुसऱ्या हाताचं बोट हळू फिरवलं तरी तेच काम होतं. आणि हे रागाच्या भरात शिकवता येत नाही. निदान दोन आठवडे शांत वेळी, परिपाठानंतर, रोज सराव झाला तरच भांडणानंतर ते आठवतं. भडकलेल्या मुलाला “श्वास घे, श्वास घे” म्हणणं म्हणजे त्याला आणखी भडकवणं.

त्याही आधी तहान, भूक आणि झोप तपासा. सोलापुरात मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटेपर्यंत पत्र्याखालचा वर्ग तापलेला असतो. शेवटच्या तासाची निम्मी भांडणं पाणी पाजल्यावर मिटतात. यंत्रमागाच्या खडखडाटाशेजारी झोपणारं मूल सकाळी पेंगतं, त्याला आळशी म्हणू नका. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पोरं रात्री उशिरापर्यंत जागतात. त्या आठवड्यात नवं काही सुरू करू नये, हे आमचं स्पष्ट मत.

चिडलेल्या मुलाला स्वतःहून जाऊन बसता येईल अशा शांत कोपऱ्यासाठी खर्च करायची गरज नाही. एक जुनी सोलापुरी चादर, कोरे कागद, खडू, शाडूचा गोळा, आणि पाणी व थोडी चमकी भरून झाकण घट्ट चिकटवलेली बाटली. जागा तुमच्या नजरेसमोरची. एका वेळी एक, फार तर दोन मुलं, पाच ते सात मिनिटं. एकदा जरी तुम्ही “जा, कोपऱ्यात बस” असं दरडावलंत की ती शिक्षेची जागा झाली. मग चादर गुंडाळून ठेवलेली बरी. गणिताचा तास लागला की कोपरा हवासा वाटणारी मुलंही निघतील. त्यांना अडवू नका. परत आल्यावर राहिलेलं उदाहरण मात्र करूनच घ्या.

भांडण सोडवताना “का केलंस?” टाळा. सात वर्षांच्या मुलाकडे त्याचं उत्तर नसतं, म्हणून ते गप्प बसतं किंवा खोटं बोलतं. दोघांना वेगळं करा, पाणी द्या, मग “काय झालं?” एकेकाला, मध्ये न तोडता. शेवटी “आता हे नीट कसं करायचं?” फाटलेली वही चिकटवून देणं ही खरी भरपाई. तोंडदेखली माफी वदवून घेतली की राग फक्त शाळा सुटेपर्यंत थांबतो.

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्यांवरची (तात्पुरत्या झोपड्यांतली) मुलं अधेमधे वर्गात दाखल होतात. इथल्या काही गावांतली मुलं उलट बाहेर जातात किंवा आजीकडे, हंगामी वसतिगृहात राहतात. जाणाऱ्याचं नाव तक्त्यावरून काढू नका, त्याची वही कपाटात ठेवा. आल्यावर पहिल्या दिवशी “इतके दिवस कुठे होतास?” नको. पहिला आठवडा एक जोडीदार द्या, आणि त्याला जमेलच असं एक काम: पाण्याची टाकी बघणं, खडू वाटणं. टिकून राहण्याची ताकद भाषणाने येत नाही. “इथे माझी जागा आहे” ही खात्री लागते.

तुमची हद्दही माहीत हवी. शिक्षक निदान करत नाही. अचानक गप्प होणं, पुन्हा अंथरूण ओलं होणं, खाणं सोडणं, अभ्यास एकदम घसरणं, असा बदल दोन आठवडे टिकला तर तारीखवार नोंद ठेवा. “मंगळवारी डबा उघडला नाही, दोनदा रडली” असं दिसलेलं लिहा. ‘डिप्रेशन’, ‘मंद’ असले शब्द नोंदीत नकोत. मग मुख्याध्यापक, पालक, शाळेत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक किंवा शासकीय रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८. मरणाची भाषा किंवा अंगावरच्या जखमा दिसल्या तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी हालचाल.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेने आपसात मिटवायची ही बाब नाही. मुलाला खोदून खोदून विचारू नका आणि “कुणालाच सांगणार नाही” असं वचन देऊ नका. “सांगितलंस ते बरं केलंस, मदत करू शकतील अशांनाच मी सांगेन” एवढं बोला. छडी, ओणवं उभं करणं, वर्गासमोर हिणवणं हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे; शेजारच्या वर्गात ते चालू असेल तर तुमच्या तक्त्याला मुलं हसतील, म्हणून मुख्याध्यापकांशी आधी बोला.

पालकसभेचं एकच. विड्या वळण्याची मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे दुपारची दोन तासांची सभा म्हणजे आईची बुडालेली मजुरी. वीस मिनिटांची, शाळा सुटताना, दारातच घ्या. सांगायचं एवढंच: घरी आल्यावर “किती मार्क?” विचारण्याआधी “आज कुणाबरोबर खेळलास?” विचारा, आणि झोपेची वेळ ठरवा.

यातच पुढे काम करायचं असेल तर मानसशास्त्रातली पदवी आणि समुपदेशनाचा अभ्यासक्रम लागतो. एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशन पदविका शिक्षकांना करता येते. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. चार दिवसांच्या कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावर दाराला ‘समुपदेशक’ अशी पाटी लावू नका.