एका फोनवर ‘एकच शब्द’

‘जस्ट वन’ या खेळाला पाट्या-कार्डं लागतात. नोट्स ॲपवरही तो छान जमतो. माणसं ४ ते ७. एकाने डोळे मिटायचे, बाकीच्यांनी गुपचूप शब्द ठरवायचा, समजा ‘श्रावण’. मग फोन फिरवून प्रत्येकाने एकेकच सूचक शब्द लिहायचा आणि पुढच्याला देण्याआधी १५-२० वेळा एंटर दाबायचं, म्हणजे आधीचं वर सरकतं. वर डोकावायचं नाही, एवढा भरवसा हवा.

सगळ्यांचं झालं की जुळे शब्द पुसा. दोघांनी ‘सोमवार’ लिहिला तर दोन्ही गेले. ‘उपास’ आणि ‘उपवास’ही एकच धरा, ‘श्रावणी’ तर बादच. उरलेल्या ‘मंगळागौर’, ‘ऊन’वरून डोळे मिटलेल्याने शब्द ओळखायचा, एकाच प्रयत्नात. डाव १३ शब्दांचा. चुकलं तर तो शब्द आणि पुढचा एक जातो, ‘पास’ म्हटलं तर फक्त तोच. म्हणून अडल्यावर पास बरा.

घोळ होतो कीबोर्डमुळे: आधीच्याने लिहिलेला शब्द वरच्या पट्टीत सुचवला जातो. सूचना बंद ठेवा. मात्र इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिताना तीच पट्टी लागते, तेव्हा थेट देवनागरी कीबोर्ड घ्या. पाच जणांत सगळेच शब्द पुसले जात असतील तर सुचेल तो पहिला शब्द टाळा.