हळू आवाजात खर्ज टिकवण्यासाठी: हेडफोनवरील लाउडनेसची जुळणी

रात्री घरातली माणसे झोपल्यावर हेडफोनवर बैठकीचे ध्वनिमुद्रण हळू आवाजात लावले, तर सर्वांत आधी डग्ग्याची घुमक आणि तंबोऱ्याच्या खर्जाची तार नाहीशी होते. हा दोष हेडफोनचा नाही. आवाज जितका हळू, तितका आपला कान खालच्या स्वरांना मंद होत जातो, हे १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी मोजून दाखवले. आज त्यासाठी आयएसओ २२६ हे आंतरराष्ट्रीय मानक वापरतात. आवाज ८० वरून ६० फॉनवर (फॉन म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचे एकक) आणला, तर १०० हर्ट्झच्या आसपास सुमारे ६ डेसिबलची भर घालावी लागते आणि त्याखाली ती वाढत जाते. वरच्या स्वरांना मात्र जेमतेम एखादा डेसिबल पुरतो. म्हणूनच जुन्या अँप्लिफायरच्या लाउडनेस बटणाने वाढणारा ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, मला अनावश्यक वाटतो.

ही भर कोणत्या आवाजापासून मोजायची, तो शून्यबिंदू ठरवणे हेच खरे काम आहे, कारण प्रत्येक हेडफोनची संवेदनशीलता वेगळी असते. घरी स्पीकर असल्यास त्यावर पिंक नॉइज (चाचणीसाठी वापरतात तो एकसारखा खसखसता आवाज) लावून बसण्याच्या जागी ७५ डेसिबल येईल असे करावे, मग हेडफोन आळीपाळीने घालून आणि काढून दोन्हींचा आवाज सारखा वाटेपर्यंत हेडफोनचा व्हॉल्यूम हलवावा आणि तो आकडा लिहून ठेवावा. मोबाइलच्या मापक अ‍ॅपमध्ये काही डेसिबलचा फरक पडू शकतो, परंतु आरंभासाठी तेवढे चालते. बेळगाव-खानापूरकडे पावसाळ्यात कौलांवर धारा कोसळत असताना ही जुळणी करू नये, कारण त्या आवाजात खालचे स्वर झाकले जातात आणि आपण नकळत जास्त भर घालतो.

विंडोजवर इक्वलायझर एपीओ या ध्वनी जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमधील लाउडनेस करेक्शन या फिल्टरला हा शून्यबिंदू देता येतो. तसे साधन नसेल, तर १०० हर्ट्झच्या आसपास लो-शेल्फ फिल्टर (ठरावीक स्वराखालचे सगळे स्वर एकत्र वाढवणारा) लावून व्हॉल्यूम शून्यबिंदूपासून २० डेसिबलने उतरवावा आणि डग्गा व चाट (तबल्याच्या कडेवरचा बोल) यांचे नाते पूर्वीसारखे वाटेपर्यंत शेल्फ वाढवावा. त्यासाठी परिचयाचेच ध्वनिमुद्रण घ्यावे. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या गायनातील तंबोरे मला या परीक्षेस फार उपयोगी वाटतात. यानंतर १० डेसिबल उतरवलेल्या ठिकाणी निम्मी भर पुरते का, हे पाहावे. जेवढी भर घातली, तेवढाच प्रीअँप (फिल्टरच्या आधीची एकूण पातळी) उणे ठेवावा, नाहीतर डग्ग्याच्या थापेला आवाज फाटतो.

चष्मा वापरणाऱ्यांनी सगळी जुळणी चष्मा लावूनच करावी, कारण त्याच्या काडीमुळे गादीखाली फट राहते आणि खर्ज तिथूनच निसटतो.